चेंडू नाका ओलांडील काय?

आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचे सामने संपले आणि पराभूत संघ परतीच्या गाडीची वाट पाहत बसस्थानकावर उभा राहिला, की एक वाक्य हमखास कानी पडते : "पुढच्या वर्षी पाहू!" मराठवाड्यातील लहान गावांच्या महाविद्यालयांनी हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले आहे की, त्यातला निर्धार केव्हाच गळून पडला आणि केवळ सांत्वन उरले. आम्ही मात्र ते वाक्य अक्षरशः घेऊ इच्छितो. पुढच्या वर्षी पाहायचे म्हणजे नेमके काय पाहायचे? यंदाचा संघ आणि पुढील हंगामाचा संघ यांच्यात फरक पडावा, असे मधल्या दहा महिन्यांत घडणार तरी काय आहे?

प्रामाणिक उत्तर द्यायचे तर काहीही घडणार नाही. तिसऱ्या वर्षाचे चार-पाच चांगले खेळाडू पदवी घेऊन निघून जातील. त्यांच्या जागी नवे येतील. स्पर्धेचे पत्रक आले की सूचना-फलकावर निवडचाचणीची तारीख लागेल, पंधरा-वीस मुले गोळा होतील, आठवडाभर सराव होईल आणि संघ पुन्हा गाडीत बसेल. यात दोष मुलांचा नाही आणि बहुतेक ठिकाणी शारीरिक शिक्षण संचालकाचाही नाही. हे पद जेथे भरलेले आहे तेथे त्या एका गृहस्थाने कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सर्व खेळांची वासलात लावायची असते. दोष आहे तो हिशेबाचा, आणि तो हिशेब शाळकरी मुलालाही मांडता येईल इतका सोपा आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. सोळा संघ उतरले तर आठ संघांचे वर्ष पहिल्याच सामन्यात संपते. आणखी चार संघ दुसऱ्या सामन्यात घरी जातात. म्हणजे सोळांपैकी बारा संघांच्या वाट्याला अख्ख्या वर्षात एक किंवा दोन सामने! वर्षातून एकदा पेटी वाजवणाऱ्याने पुढल्या वर्षी मैफल जिंकावी अशी अपेक्षा कोणी करीत नाही. फुटबॉलपटूकडून मात्र ती बिनदिक्कत केली जाते.

या हिशेबाची गंमत पाहायची असेल तर वाचकांनी आमच्याबरोबर कनेरगाव नाक्यापर्यंत यावे. अकोला-नांदेड महामार्गावर हिंगोली आणि वाशीम यांच्यामधले हे गाव शहरवासीयांनी फार तर बसच्या खिडकीतून पाहिले असेल. गाव हिंगोली जिल्ह्यात, पण जिल्ह्याच्या अगदी शिवेवर. पैनगंगेच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. एके काळी या शिवेच्या एका अंगाला निजामाचे राज्य होते आणि दुसऱ्या अंगाला इंग्रजांच्या अमलातला वऱ्हाड. 1948 च्या सप्टेंबरात निजामशाही संपली, 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा व विदर्भ हे दोन्ही प्रदेश मुंबई राज्यात एकत्र आले, आणि माणसांच्या व मालाच्या दृष्टीने ती जुनी सीमा पुसली गेली. विद्येच्या प्रांतात मात्र नाका अजून उभा आहे. कनेरगावचा मुलगा बारावीनंतर दक्षिणेकडच्या बसमध्ये बसून हिंगोलीला गेला तर तो 1994 साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा. उत्तरेकडच्या बसमध्ये बसून वाशीमला गेला तर 1983 साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाचा, म्हणजेच आजच्या संत गाडगेबाबा विद्यापीठाचा. शाळेच्या एकाच मैदानावर खेळलेल्या दोघा सोबत्यांची महाविद्यालयात गेल्यावर परस्परांशी गाठ पडायची असेल, तर दोघांचीही आपापल्या विद्यापीठाच्या संघात निवड झाली पाहिजे. मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत, कोणत्या तरी दूरच्या शहरात, सोडतीने कृपा केलीच तर ते समोरासमोर येतील. तासाभराच्या प्रवासात होऊ शकणाऱ्या सामन्यासाठी एवढा द्राविडी प्राणायाम!

म्हणून आमची सूचना साधी आहे. हिंगोलीकडची दोन आणि वाशीमकडची दोन अशा चार महाविद्यालयांनी एकत्र बसावे आणि आपसांत साखळी सामने ठरवावेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा घरी आणि एकदा पाहुणे म्हणून. एकूण सामने बारा. प्रत्येक संघाच्या वाट्याला सहा, त्यांतले तीन स्वतःच्या मैदानावर, आपल्या वर्गमित्रांच्या डोळ्यांदेखत. अधूनमधून एखादा सामना कनेरगाव नाक्यालाच ठेवला तर दोन्ही बाजूंचा प्रवास वाचेल आणि गावातल्या पोरांना खेळ पाहायला मिळेल. याला विद्यापीठाच्या ठरावाची गरज नाही, क्रीडामंत्र्यांच्या हस्ते उद्घाटनाची तर मुळीच नाही. मैत्रीचे सामने खेळायला दोन प्राचार्यांची संमती पुरते.

यावर पहिला आक्षेप आम्हांस ठाऊक आहे : "आमच्या मुलखात फुटबॉल रुजतच नाही." हे खरे असते तर इतिहासाने वेगळी साक्ष दिली असती. 1956 पर्यंत मराठवाडा ज्या हैदराबाद राज्याचा भाग होता, त्याच्या राजधानीत त्या काळी देशातला सर्वोत्तम फुटबॉल खेळला जात होता. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने 1950 पासून 1954 पर्यंत सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक नेला. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने 1951 च्या दिल्लीच्या आणि 1962 च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले व 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. या गृहस्थांनी काय जादू केली? चेंडू पायाशी घोळवत ठेवण्यास मनाई असलेले सामने भरवले. कच्च्या पायानेच चेंडू मारायचा, असे सामने भरवले. म्हणजे मुलांच्या ज्या उणिवा होत्या, त्यांचाच सामना केला! यास ना परदेशी प्रशिक्षक लागला, ना वातानुकूलित व्यायामशाळा. दुर्दैव एवढेच की, राजधानीतले हे बीज तिच्या मराठी तालुक्यांत पेरले गेले नाही.

कोल्हापूरकडे पाहिले तरी हेच दिसते. तेथील मुले फुटबॉल आईच्या पोटातून शिकून येत नाहीत. तालमींचे आणि पेठांचे संघ शाहू स्टेडियमवर दर वर्षी साखळी सामने खेळतात, हरलेल्यास आठवड्याभरात पुन्हा उतरावे लागते, आणि गल्लीतला म्हातारादेखील त्याला त्याची चूक ऐकवतो. 2017 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. आणि मराठवाड्याच्या मातीत खेळ रुजत नाही म्हणणाऱ्यांनी जरा धाराशिवच्या खोखोकडे वळून पाहावे. तेथल्या सारिका काळे यांना 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला. रोज संध्याकाळी मैदानावर खेळ होत असेल तर माती कोणतीही चालते.

मातीचा विषय निघालाच आहे, तर दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे हे आम्ही मान्य करतो. येथली काळी जमीन पावसाळ्यात बुटाला पायलीभर चिखल चिकटवते आणि उन्हाळ्यात भेगाळून घोटे मोडायला टपलेली असते. त्यातच पावसाळा सरता सरता सोयाबीनची काढणी येते, आणि ज्याच्या घरी चार एकर उभे पीक आहे त्या मुलाने सरावाला यावे असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? नेमके याच सुमारास स्पर्धेचे पत्रक येऊन थडकते. हे वेळापत्रक बदलणे महाविद्यालयाच्या हाती नाही. परंतु साखळीचे बारा सामने मार्गशीर्ष ते माघ या दिवसांत ठेवणे सर्वस्वी त्याच्या हाती आहे. जमीन तेव्हा वाळलेली पण न भेगाळलेली असते, हवा थंड असते आणि परीक्षांच्या मधला अवकाशही सापडतो. हळदीची काढणी पुढे सुरू होईल, तोवर साखळी आटोपलेली असेल. हिवाळ्यात सहा सामने खेळलेला संघ पुढच्या पावसाळ्यात आठच दिवस सराव करू शकला, तरी तो अनोळखी माणसांचा जमाव राहणार नाही.

आणि खेळाडू? पहाटे पाच वाजता हिंगोली-वाशीम रस्त्यावरून जाणाऱ्या कोणासही ते भेटतील. पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावण्याची तयारी करणारे तरुण आज मराठवाड्याच्या प्रत्येक रस्त्यावर आहेत. शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, हेही त्यांना तोंडपाठ असते. त्यांची दमछाक होत नाही, हे अर्धे भांडवल झाले. चेंडूमागे अकराही जणांनी मधमाश्यांसारखे धावायचे नसते, आपली जागा धरून उभे राहायचे असते, एवढे त्यांना शिकवणे बाकी आहे. कबड्डीत साखळी धरणाऱ्या मुलास बचावफळी समजावून सांगायला फार वेळ लागू नये. व्हॉलीबॉल खेळणारा उंच मुलगा गोलरक्षक म्हणून आधी निवडावा आणि मग उरलेला संघ. आमच्याकडे नेमके उलट होते. जो धावू शकत नाही त्याला गोलात उभे करतात, आणि मग चार-शून्य का झाले याची चर्चा करतात! मुलींच्या संघाबद्दल निराळे लिहावे लागेल. पण हिवाळ्यातल्या या साखळीत त्यांचे चार सामने ठेवण्यास काडीचीही अडचण नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. 15 सप्टेंबर 2017 रोजी राज्य सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला आणि शाळाशाळांतून चेंडू वाटले. त्या दिवशी छायाचित्रे उत्तम निघाली. परंतु चेंडू दिल्याने संघ होत नाही, सामना दिल्याने होतो, आणि सामन्याचा खर्च चेंडूहून फार मोठा नसतो. एसटीचे भाडे, पंचाचे मानधन, थोडा चुना, मैदानावर दोन ट्रॅक्टर मुरूम. प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थी, मग त्याने जन्मात चेंडूला पाय लावलेला नसो, क्रीडाशुल्क भरतो. त्या शुल्काचा जमाखर्च महाविद्यालयाने सूचना-फलकावर लावावा, म्हणजे बारा सामन्यांना पैसा कोठून आणायचा या प्रश्नावर विद्यार्थीच बोलू लागतील. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणान्वये सहअभ्यासक्रमात क्रीडेला श्रेयांक आहेत. ते श्रेयांक चार भिंतींतल्या व्याख्यानाने द्यायचे की साखळीतल्या सामन्यांनी, हे प्राचार्यांनी ठरवायचे आहे.

एवढे केल्याने पुढील हंगामात येथला संघ विजेता होईल काय? होणार नाही, आणि तसे आश्वासन कोणी दिले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. वर्षानुवर्षे खेळत आलेल्या मोठ्या शहरांच्या संघांशी बरोबरी एका हिवाळ्यात साधत नाही. पण पहिल्या सामन्यात चार गोल खाणारा संघ एक गोल खाईल, कदाचित एक करील, आणि एखाद्या वर्षी दुसऱ्या फेरीत पोचेल. यंदा पहिल्या वर्षात असलेला मुलगा पदवी घेईपर्यंत अठरा-वीस सामने खेळलेला असेल. आज त्याच्या वाट्याला बहुधा तीन येतात.

चार प्राचार्यांची बैठक व्हायला एक दुपार पुरेल. ती हिंगोलीत घ्यावी की वाशीमला, यावरून मानापमान होण्याची भीती असेल तर कनेरगाव नाक्यावर चहाची हॉटेले आहेत. तेथे बसून बारा तारखा एका कागदावर लिहाव्यात, आणि तो कागद दिवाळीच्या सुटीआधी चारही सूचना-फलकांवर लागावा.