जादूघराच्या बंद दाराआड

'लॉज' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' अशी पाटी येते. मुंबईच्या फोर्ट भागातील फ्रीमेसन्स हॉलमध्ये भरणारे लॉज मात्र निराळेच. दार बंद, बाहेर राखणदार, आत कमरेला एप्रन बांधलेले प्रतिष्ठित गृहस्थ. मग बाहेरच्यांनी तर्क लढवले नाहीत तरच नवल! इंग्रजी अमदानीत लोक अशा वास्तूला 'जादूघर' म्हणत. रुडयार्ड किपलिंगच्या १९०१ सालच्या 'किम' या कादंबरीतही हे नाव येते. मुंबईत जन्मलेला किपलिंग स्वतः १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजचा सभासद झाला होता.

आत जादू नसते, असते एक प्रकारचे नाटकच. जुन्या काळच्या पाथरवट-गवंड्यांची हत्यारे येथे सदाचाराची प्रतीके झाली आहेत. गुण्या सरळ वागण्याची खूण, तर कंपास संयमाची. २४ इंची पट्टी दिवसाचे २४ तास कसे वाटावेत हे शिकवते : काही प्रार्थनेला, काही कामाला व विश्रांतीला, काही अडलेल्याच्या मदतीला.

नव्या उमेदवाराला आणतात ते डोळ्यांवर पट्टी आणि गळ्यात दोरी बांधून. त्याआधी त्याच्याजवळचे पैसे आणि धातूच्या वस्तू काढून घेतलेल्या असतात. शपथ होते, पट्टी सुटते आणि त्याला ईशान्य कोपऱ्यात उभे करतात. ईशान्येचे महत्त्व आपल्याला सांगायला नकोच. इमारतीचा पहिला दगड तेथे बसवावा, असे मेसनही मानतात. तेथे त्याच्याकडे दान मागितले जाते. देणार कुठून? खिसा रिकामा! बंगला-गाडीचा मालक असला, तरी त्या क्षणी तो ओशाळतो. मग त्याला सांगतात, पुढे कोणी गरजू भेटला, तर ही घटका आठव आणि त्याला मदत कर.

हा धडा देणाऱ्यांनाही तो नेहमी आठवला, असे मात्र नाही. भारतात लॉज आले १७३० च्या सुमारास, कलकत्त्यात. विश्वबंधुत्वाच्या या घराचे दार एतद्देशीयांना सहजासहजी उघडेना. मुंबईचे माणेकजी करसेटजी यांना येथे प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्यांनी थेट पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. पुढे १८४३ मध्ये जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने मुंबईत 'रायझिंग स्टार' लॉज काढले आणि हिंदी माणसांना वाट मोकळी झाली. याच माणेकजींनी १८६३ मध्ये मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा सुरू केली. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्तांना तर प्रवेशासाठी १८७२ पर्यंत झगडावे लागले. बारा वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याच शहरात नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, मेसन झाले.

१९६१ मध्ये 'ग्रँड लॉज ऑफ इंडिया' स्थापन झाले. येथे गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहिब, अवेस्ता हे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवतात आणि प्रत्येक जण आपापल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो. ईश्वरावर श्रद्धा हवी. पण धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला मात्र बंदी. सभासदांच्या वर्गणीतून आणि देणग्यांतून कोइमतूरला मुलांचे रुग्णालय, दिल्लीत शाळा अशी कामे उभी राहिली आहेत.

तरी आक्षेप उरतातच. ही मंडळी एकमेकांचीच सोय पाहतात, असे टीकाकार म्हणतात. चांगल्या कामाला गुप्तता कशाला, हा प्रश्नही जुनाच. आणि घरातील गृहिणी विचारील, 'बंधुत्व ठीक, पण भगिनींचे काय?' ग्रँड लॉज ऑफ इंडियाची लॉजेस पुरुषांचीच आहेत. स्त्रीपुरुष दोघांना घेणारी वेगळी शाखा अ‍ॅनी बेझंट यांनी १९०२ मध्ये लंडनमध्ये सुरू केली, पण ग्रँड लॉज तिला मानत नाही.

बंद दाराआडच्या खुणा, हस्तांदोलने ज्याची त्याला लखलाभ. ईशान्य कोपऱ्यातला तो रिकामा खिसा मात्र गुपित ठेवण्याजोगा नाही. दारात कोणी हात पसरून उभे राहिले की आपण आधी त्याच्याकडे संशयाने पाहतो. त्याच्या जागी आपण असतो तर, एवढा विचार क्षणभर मनात यायला कोणत्याही लॉजचे सभासद व्हावे लागत नाही.