गच्चीवरचा टॉवर, कानाचा फोन

गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत दोन विषय हमखास पेटतात. एक पार्किंग आणि दुसरा गच्चीवरचा मोबाइल टॉवर. भाडे सगळ्यांच्या खात्यात जमा होते, टॉवर मात्र वरच्या मजल्याच्या डोक्यावर बसतो. मग वरचे मजले कर्करोगाचे कात्रण काढतात, खालचे मजले जमाखर्च. आणि ‘रेडिएशन’वर सर्वांत तावातावाने बोललेले काका सभा आटोपताच तळघरातल्या पार्किंगमध्ये, रेंजची एकच दांडी असलेला फोन कानाला दाबून अर्धा तास बोलत राहतात.

गोम आहे ती इथेच. टॉवर दुप्पट दूर गेला की त्याच्या लहरींची तीव्रता साधारण चौथाईवर येते. फोन तर कानालाच चिकटलेला असतो. शिवाय रेंज चांगली असेल तेव्हा तो हळू आवाजात बोलतो आणि रेंज ढासळली की टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी जोर लावतो. टॉवर हाकलून लावणाऱ्या सोसायटीतले फोन त्यामुळे रहिवाशांच्या डोक्याशी अधिक ताकदीने लहरी सोडू शकतात.

नियमांच्या बाबतीत भारत ढिला नाही. १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली. ९०० मेगाहर्ट्झला ती प्रति चौरस मीटर ०.४५ वॅट भरते, आणि ती ओलांडणाऱ्या कंपनीला टॉवरमागे १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. फोनसाठी मोजतात तो ‘सार’, म्हणजे शरीराच्या ऊती किती ऊर्जा शोषून घेतात ते. पूर्वी १० ग्रॅम ऊतींच्या सरासरीवर किलोमागे २ वॅट चालत; आता कोणत्याही १ ग्रॅमच्या सरासरीवर किलोमागे १.६ वॅटच्या वर जाता येत नाही.

भीतीला थोडा हातभार भाषेनेही लावला आहे. तारापूरच्या अणुभट्टीबद्दल वापरायचा ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द वर्तमानपत्रांनी गच्चीवरच्या टॉवरलाही चिकटवला. रेडिओ लहरींत अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊती तापणे, आणि मर्यादा त्याच्या बऱ्याच खाली आखल्या आहेत. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकल्या हे खरे. त्याच गटात पारंपरिक आशियाई पद्धतीने खारवलेल्या भाज्याही आहेत. पुढे २०२४ मध्ये, याच संघटनेने करवून घेतलेल्या ६३ अभ्यासांच्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

म्हणून सारे कंपन्यांच्या भरवशावर सोडायचे काय? मुळीच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या लहरी नियामकाने आयफोन १२ तपासला. हातात किंवा खिशात धरल्यावर मर्यादा ४ वॅटची, मोजमाप निघाले ५.७४. तीन वर्षे बाजारात असलेल्या फोनची विक्री तिथे थांबली. आमच्या फोनला धोका नाही, फरक फ्रान्सच्या चाचणीपद्धतीमुळे पडतो, असे ॲपलचे म्हणणे होते. तरी फ्रान्सपुरते सॉफ्टवेअर तिने बदललेच. फोनचे प्रमाणपत्र हाताशी असूनही तो पुन्हा मोजून पाहणे, यालाच देखरेख म्हणतात.

आपल्याकडे आकडे आहेत, पण ते लपून बसतात. ‘सार’ पाहायचा तर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबावे लागते. हे किती ग्राहकांना ठाऊक आहे? तो आकडा खोक्यावर किमतीइतक्या ठळक अक्षरांत, मराठीतही छापायला कोणती अडचण आहे? टॉवरची माहिती केंद्राच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर मिळते आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. शुल्क होते ४,००० रुपये, म्हणजे टॉवरच्या भाड्यापुढे किरकोळ. सोसायटीने ते भाड्यातूनच भरावे आणि आलेला अहवाल लिफ्टशेजारच्या फलकावर, पाण्याच्या वेळापत्रकाखाली लावावा. पुढच्या सभेत वरच्या आणि खालच्या मजल्यांनी भांडायचे ते निदान त्या आकड्यावरून भांडावे.