पडदा उजळला, हात रिकामेच

इयत्ता तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती यांची ओळख करून देण्याचे धोरण केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून त्याचा आरंभ करण्याचे ठरले. आपले मूल काळाच्या मागे पडू नये ही चिंता बाळगणाऱ्या शहरी पालकांना ही घोषणा स्वागतार्ह वाटली असेल, तर त्यात नवल नाही. तथापि, भारतीय शिक्षणव्यवस्थेत नव्या घोषणांची उणीव कधीच नव्हती. उणीव राहिली ती जुन्या घोषणांचा हिशेब मांडण्याची. डिजिटल शिक्षण आणि कौशल्यविकास हे दोन शब्द आता जोडीनेच उच्चारले जातात. मात्र पडद्यावर धडा दिसला म्हणजे हाताला कौशल्य आले, असे समीकरण मांडता येते का, हा खरा प्रश्न आहे.

वर्ध्यापासून खैरातपर्यंत

हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना या मातीला नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी 'नई तालीम'ची मांडणी केली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' हा शब्द शाळेत आणला. महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांना तो वेळापत्रकातील एका तासिकेमुळे आठवतो. कागदी फुले, खडूंची पेटी आणि बऱ्याचदा गणिताच्या शिक्षकांनी अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी मागून घेतलेला तास, असे त्याचे अनेक शाळांतील स्वरूप होते. कल्पना मोठी होती. तिला गुणपत्रिकेत वजन नव्हते.

संगणकाचा प्रवासही याच वाटेने झाला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत पोहोचला. संगणक मराठीतून शिकता येतो, हा विश्वास त्याने सामान्य घरांत रुजवला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र शासकीय नोकरीसाठी हे वा समकक्ष प्रमाणपत्र आवश्यक ठरल्यावर अनेकांच्या लेखी ते कौशल्यापेक्षा अर्जाला जोडण्याचा कागद बनले.

२००७ मध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक मोहिमेचा भारतातील पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यातील खैरात या वस्तीवरील शाळेत झाला. पुढील दशकात ठाणे जिल्ह्यातील पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने डिजिटल वर्गाचा नमुना घालून दिला आणि तो पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक तेथे गेले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला. तो आधी राज्याने आणि नंतर एनसीईआरटीने स्वीकारला. डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा दहा लाख डॉलरच्या रकमेतील निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना दिला. 'दीक्षा' आणि 'स्वयम्' ही केंद्राची व्यासपीठे २०१७ मध्ये सुरू झाली. म्हणजेच २०२० च्या मार्चमध्ये करोनाने शाळांना टाळे लावले, तेव्हा पाठ्यसामग्री हाताशी होती. तरीही असंख्य मुले शिक्षणापासून तुटली. अडथळा सामग्रीचा नव्हता, तर घरात एकच फोन आणि तोही कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशात, हा होता.

फोन आला, भागाकार राहिला

आज परिस्थिती पालटली आहे. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या 'असर' पाहणीचा २०२३ चा अहवाल १४ ते १८ वयोगटावर केंद्रित होता. २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांत झालेल्या या पाहणीत सुमारे ९० टक्के घरांत स्मार्टफोन आढळला आणि तो वापरता येणाऱ्या तरुणांचे प्रमाणही तितकेच मोठे होते. उपकरणाची दरी बुजत आली, असा याचा अर्थ काढता येईल. पण त्याच अहवालातील पुढची पाने अस्वस्थ करणारी आहेत. या वयोगटातील सुमारे २५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर स्वभाषेत सफाईने वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित केवळ ४३.३ टक्के मुलांना जमले.

फोनच्या वापराची चाचणी त्याहून बोलकी आहे. ज्यांनी पाहणीच्या वेळी फोन आणला, त्यांपैकी सुमारे ८० टक्के मुलांना सांगितलेली चित्रफीत शोधता आली आणि त्यांतील बहुतेकांना ती मित्राला पाठवताही आली. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचण्यास किती वेळ लागेल, हे नकाशाच्या ॲपवर शोधणे मात्र एक तृतीयांशाहून थोड्या अधिक मुलांनाच साधले. पाहणे आणि पुढे धाडणे सर्वांना येते. माहितीचा उपयोग करून प्रश्न सोडवणे थोड्यांनाच येते. डिजिटल साक्षरता म्हणून जे सांगितले जाते, त्याचा किती भाग निव्वळ बोट फिरवण्याची सवय आहे, हे या एका चाचणीने दाखवून दिले.

मुलींच्या बाबतीत चित्र आणखी विषम आहे. फोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. घरातील फोन मुलीच्या हाती किती वेळ आणि कुणाच्या नजरेखाली येतो, यावर तिचे डिजिटल शिक्षण अवलंबून आहे. त्यामुळे 'मोबाइलवर अभ्यासक्रम उपलब्ध आहे' असे सांगणारी प्रत्येक योजना मुलींना आपोआप अर्ध्यावर सोडते. शाळांच्या सोयीही पुरेशा नाहीत. २०२४-२५ च्या 'यू-डायस' माहितीनुसार देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट होते. उरलेल्या एक तृतीयांशाहून अधिक शाळांतील मुलांनी कृत्रिम बुद्धिमत्ता फळ्यावरच शिकायची काय, हा प्रश्न म्हणूनच अप्रस्तुत नाही.

पेरूचा अनुभव, दिल्लीचा अनुभव

केवळ उपकरण दिल्याने काय होते, याचे उत्तर दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने दिले आहे. तेथील सरकारने लाखो लॅपटॉप वाटले. आंतर-अमेरिकी विकास बँकेने ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शाळेतील दर विद्यार्थ्यामागे संगणकाचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेले होते. गणित आणि भाषेच्या गुणांत मात्र फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. शिक्षक आणि अध्यापनाची पद्धत पूर्वीचीच राहिली, तर दप्तरात एका वस्तूची भर पडते, इतकेच.

दुसरे उदाहरण दिल्लीचे आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहान्द्रो गनिमियन या अर्थतज्ज्ञांनी ६१९ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांत मुलांना प्रत्येकी ४५ मिनिटे संगणकावर आणि ४५ मिनिटे शिक्षण-सहायकाबरोबर लहान गटात घालवायची होती. मूल कोणत्या इयत्तेत आहे हे न पाहता त्याला प्रत्यक्षात काय येते हे संगणक आधी तपासत असे आणि तेथून पुढचे गणित देत असे. सहावीतील मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे असल्याचे त्यातून दिसले. साडेचार महिन्यांत केंद्रात प्रवेश मिळालेल्या मुलांची गणितातील प्रगती इतरांच्या दुपटीहून अधिक झाली.

दोन्ही ठिकाणी संगणकच होता. मग फरक कशाने पडला? दिल्लीत यंत्राला एक नेमके काम दिले होते. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाची वेगळी पातळी ओळखणे एकट्या शिक्षकाला जड जाते. ते काम यंत्राने केले आणि समजावून सांगण्याचे, धीर देण्याचे काम माणसाकडे राहिले. पेरूत यंत्र आले, पण त्याचे काम ठरलेच नाही. आपल्याकडील अनेक 'डिजिटल वर्ग' आज या दोहोंपैकी कोणत्या वाटेवर आहेत, हे तपासण्यासाठी मोठ्या समितीची गरज नाही. पडद्यावर धडा सुरू असताना मुले काय करीत आहेत, हे पाहिले तरी पुरेसे आहे.

पाबळची वाट

कौशल्याचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण गणित पडद्यावर सोडवता येते, वेल्डिंग येत नाही. या संदर्भात पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातल्या पाबळ येथील 'विज्ञान आश्रमा'चा अनुभव मोलाचा ठरतो. हिंदुस्थान लीव्हरमधील संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. शाळेने नाकारलेला मुलगा हाताने काम करताना उत्तम शिकतो, हे त्यांचे गृहीतक होते. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य आणि शेती व पशुपालन अशा चार अंगांनी मुलांनी शिकायचे, आणि शिकता शिकता गावाला लागणारी कामे मोबदला घेऊन करून द्यायची, अशी ही पद्धत. केलेल्या दरवाजाची कडी बसली नाही, तर गुण कापण्याची गरज उरत नाही. गिऱ्हाईकच तो परत पाठवते. शाळांसाठी याच पद्धतीतून 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' हा विषय उभा राहिला.

विशेष म्हणजे डिजिटल युगही पाबळमध्ये लवकर पोहोचले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्ये तेथे 'फॅब लॅब' उभी राहिली. संगणकावर आराखडा काढायचा आणि यंत्राने ती वस्तू कापून वा घडवून घ्यायची, अशी ही प्रयोगशाळा. एमआयटीबाहेरील अशा सुरुवातीच्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. येथे संगणक पाहण्याचे साधन नाही, ते पान्हा आणि हातोडीच्या रांगेत ठेवलेले हत्यार आहे. डिजिटल शिक्षण आणि कौशल्य यांची सांगड कशी घालावी, याचे उत्तर महाराष्ट्रातील एका गावाने दोन दशकांपूर्वी देऊन ठेवले होते.

प्रमाणपत्रांचा पूर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ही दिशा कागदावर मान्य केली. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवावेत, असे त्यात म्हटले आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने सजीवांसोबतचे काम, यंत्रे व साहित्य यांचे काम आणि मानवी सेवेचे काम अशी तीन रूपे मांडली. त्यांचे पाबळच्या चार अंगांशी असलेले साम्य लपत नाही. २०२५ पर्यंत शाळा आणि उच्च शिक्षणातील किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव देण्याचे लक्ष्यही धोरणात होते. ती मुदत उलटून गेली आहे. २०२३ च्या 'असर' पाहणीत व्यावसायिक प्रशिक्षण घेत असलेल्या १४ ते १८ वयोगटातील तरुणांचे प्रमाण होते ५.६ टक्के.

दरम्यान, श्रेयांक पेढी आणि २०२३ चा राष्ट्रीय श्रेयांक आराखडा यांमुळे ऑनलाइन अभ्यासक्रम, कार्यशाळा आणि वर्ग यांतील शिक्षण एकाच खात्यात जमा करण्याची सोय झाली. शिक्षण मध्येच सुटलेल्या तरुणाला पुन्हा आत येण्याचा दरवाजा उघडला, ही तिची जमेची बाजू. धोका आहे तो एमएस-सीआयटीच्या वेळी दिसला तोच. श्रेयांक साठवणे सोपे झाले की कौशल्य मिळवण्यापेक्षा प्रमाणपत्र मिळवणे हाच उद्योग होऊन बसतो. ऑनलाइन चाचणीत अचूक पर्याय निवडणारा विद्यार्थी विजेचा फलक उघडून दोष शोधू शकेलच असे नाही. मूल्यमापन पर्याय निवडण्याचे राहील, तोवर शिकवणेही त्याच मापाचे राहणार. कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात उत्तर लिहून देऊ लागल्यापासून तर ही पद्धत अधिकच पोकळ ठरली आहे.

किल्ली कुणाकडे?

त्यामुळे चर्चा पुन्हा शिक्षकापाशी येऊन थांबते. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग जन्मला तो कोणत्याही कंपनीच्या दालनात नव्हे, तर एका खेड्यातील शाळेत, आणि मुलांची अडचण रोज पाहणाऱ्या शिक्षकाच्या हातून. याउलट वरून आलेली अनेक साधने कपाटात राहतात. यंत्र बिघडले तर जबाबदारी कुणाची, वीजबिल कशातून भरायचे आणि सर्वेक्षणे व माहिती भरण्याची कामे सांभाळून ते शिकायचे केव्हा, या प्रश्नांची उत्तरे आदेशासोबत येत नाहीत. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने 'हे साधन कुणाच्या अटींवर?' असा प्रश्न शीर्षकातच विचारला होता. तो येथेही तितकाच लागू आहे.

उपाय महागडे नाहीत. यंत्रखरेदीबरोबरच देखभाल आणि वीज यांची तरतूद करणे, गावातील सुतार, गवंडी, वायरमन वा नर्स यांना मानधनावर वर्गात आणणे, मुलींसाठी शाळेतच उपकरणाचा वेळ राखून ठेवणे आणि कौशल्याची परीक्षा प्रत्यक्ष काम करून घेऊन घेणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. यांपैकी एकाही गोष्टीच्या उद्घाटनाची फीत कापता येत नाही, ही मात्र अडचण आहे.

तिसरीतील मुलाला कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख अवश्य व्हावी. मात्र आठ-दहा वर्षांनी ते मूल भागाकार न येताच शाळेबाहेर पडले आणि त्याच्या खात्यात श्रेयांक तेवढे शिलकीत असले, तर १९३७ पासून चाललेल्या या प्रवासात आणखी एका कार्यानुभवाच्या तासिकेची भर पडली, असेच म्हणावे लागेल.