रोनाल्डोचे १४० आणि आमची वही

आमच्या शहाद्यात सध्या तीन आकडे रोज ऐकू येतात. पहिला पपईच्या भावाचा, दुसरा केळीच्या भावाचा आणि तिसरा रोनाल्डोच्या गोलांचा. पहिले दोन सकाळ-संध्याकाळ बदलतात आणि त्यांच्यापायी माणसं हसतात-रडतात. तिसरा मात्र १४० वर ठाम उभा आहे. चॅम्पियन्स लीगच्या १८३ सामन्यांत त्या गृहस्थाने १४० गोल केले आणि २०२३ च्या जानेवारीत तो युरोप सोडून सौदी अरेबियाला गेला. तरी आमच्या घरात तो आकडा आरतीसारखा दोन्ही वेळा म्हटला जातो. म्हणणारा माझा भाचा.

भाचा आमच्याकडे शिकायला असतो. निदान त्याच्या आईची तशी समजूत आहे. रात्री दीड वाजता तो उठून बसतो. सुरुवातीला आम्ही दोघं हरखलो. "पोरगं बघा कसं अभ्यासाला उठतंय," म्हणून सौ.ने त्याला दूध गरम करून दिलं. चौथ्या रात्री त्याच्या खोलीतून "गोल!" अशी आरोळी आली, तेव्हा भूगोलाचा उत्तरार्ध चालू असेल अशी मी तिची समजूत घातली.

फुटबॉल बघण्याला माझी हरकत नाही. खेळ चांगला आहे, दीड-दोन तासांत आटोपतो आणि खेळाडू मध्येच चहाला जात नाहीत. माझं भांडण आहे ते ह्या आकडेबहाद्दरांशी. ही मंडळी सामना बघत नाहीत, ऑडिट करतात. परवा भाचा म्हणाला, "मामा, बायर्नच्या मकायने २००७ साली रियल माद्रिदला १०.१२ सेकंदांत गोल मारला. रेकॉर्ड आहे!"

"अरे वा! कसा होता गोल?"

"दहा पूर्णांक बारा शतांश."

"कितीत मारला विचारत नाही रे. कसा मारला? उजव्या पायाने, डाव्या पायाने, डोक्याने?"

भाचा गप्प. त्याच्याजवळ शतांश होते, पाय नव्हता.

आणि आता तर झालेले गोल मोजून ह्यांचं पोट भरत नाही म्हणून न झालेलेही मोजतात. त्याला म्हणे 'अपेक्षित गोल' म्हणतात. सामना १-० ने हरलेल्या संघाबद्दल भाचा गंभीरपणे सांगतो, "तसे त्यांचे एक पूर्णांक आठ दशांश गोल व्हायला हवे होते." मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. व्हायला हवे होते पण झाले नाहीत, अशा रकमा आमच्याकडेही पुष्कळ असत. आम्ही त्यांना बुडीत कर्ज म्हणत होतो आणि ती सांगताना निदान मान तरी खाली घालत होतो.

आमच्याच तालुक्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. घोड्यांचा बाजार मोठा. तिथला व्यापारी घोड्याचे दात बघून वय सांगतो, अंगावरचे भोवरे तपासतो, उंची मोजतो. आकड्यांत तो कुणाला हार जाणार नाही. पण पैसे मोजण्याआधी तो एवढंच म्हणतो, "चालवून दाखव." आकडेबहाद्दर दात मोजतो आणि तेवढ्यावरच घोड्यावर बसल्याच्या थाटात गावभर फिरतो.

शिवाय आकडे जुळले म्हणजे व्यवहार खरा ठरला असं नसतं, हे बँकेतल्या माणसाला सांगावं लागत नाही. ती स्पर्धा सुरू झाली १९५५ साली. चॅम्पियन्स लीग हे नाव मिळालं १९९२ साली. पहिल्या वर्षी सबंध स्पर्धा जिंकायला रियल माद्रिदला सातच सामने पुरले. २०२५ साली पॅरिसच्या क्लबला त्यासाठी सतरा खेळावे लागले. रियलच्या डी स्टेफानोने त्या जुन्या काळात ५८ सामन्यांत ४९ गोल केले. दर शेकडा हिशेब मांडा. डी स्टेफानो ८४, रोनाल्डो ७६. आता कोण मोठा? भाचा म्हणतो रोनाल्डो, कारण १४० हे ४९ हून मोठे. ह्या न्यायाने सात चहा पिणारा माझा शेजारी हा एक चहा पिणाऱ्या माझ्याहून सातपट रसिक ठरतो.

आणि १९६५ सालची गोष्ट तर ऐकाच. लिव्हरपूल आणि कोलोन. पहिला सामना ०-०, दुसरा ०-०, तिसरा रॉटरडॅमला २-२. शेवटी पंचांनी लाल-पांढरी चकती उडवली. ती पडली ती चिखलात उभी रुतून बसली! पुन्हा उडवली तेव्हा लिव्हरपूल पुढे गेलं. तक्त्यात काय दिसतं? लिव्हरपूल उपांत्य फेरीत. तो चिखल कुठल्या रकान्यात घालणार?

एवढं बोलून मी विजयी मुद्रेने चहा मागवला. भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, पण हे सगळे तुम्ही आकडेच सांगितलेत की."

सौ. स्वयंपाकघरातून हसली. माझा चहा थंड झाला.

पोरगं खरं बोललं होतं. चिखलाची गोष्ट मला कळली तीसुद्धा कुणीतरी ती लिहून ठेवली म्हणूनच. तेव्हा आकडेबहाद्दरांवरचा माझा खटला मी मागे घेतो आणि खरा आरोपी उभा करतो.

मी भाच्याला विचारलं, "लागोपाठ पाच वर्षं कप कुणी जिंकला?"

"रियल माद्रिद. १९५६ ते १९६०. शेवटची फायनल ग्लासगोला, ७-३. पुश्कासचे चार, डी स्टेफानोचे तीन." श्वासही न घेता.

"आणि १९५० ते १९५४?"

"तेव्हा स्पर्धाच नव्हती."

"युरोपात नव्हती. मुंबईत होती!"

रोव्हर्स कप. सुरू झाला १८९१ साली, म्हणजे युरोपचा कप जन्माला यायच्या चौसष्ट वर्षं आधी. मुंबईच्या कूपरेज मैदानावर हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने तो लागोपाठ पाच वर्षं जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्यांनीच पुढे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताला चौथ्या क्रमांकावर नेलं आणि १९६२ साली जाकार्ताला एशियाडचं सुवर्णपदक मिळवून दिलं. २०००-०१ च्या हंगामानंतर रोव्हर्स कप बंद पडला. एका शतकाहून जुनी स्पर्धा गेली आणि महाराष्ट्राने साधा दुखवटा पाळला नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी पाच जणांना विचारलं. चौघांनी रोव्हर्स म्हणजे बिस्किटाचा छाप असावा असा अंदाज केला. पाचवा म्हणाला, "जाऊ दे ना भो!" माद्रिदचा बारावा खेळाडू पाचांनाही ठाऊक होता.

कारण आपल्याकडे नोंद खेळाची होत नाही, व्यासपीठाची होते. कुठल्याही सामन्याची बातमी काढून बघा. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, स्वागत कुणी केलं, आभार कुणी मानले. सगळी नावं बिनचूक, मानमरातबासकट. आणि शेवटच्या ओळीत 'खेळाडू मोठ्या संख्येने उपस्थित होते'. जसे काही ते बिचारे चुकून तिकडे आले होते!

हे मी इतक्या खात्रीने सांगतो, कारण ह्या गुन्ह्यात मी स्वतः सामील आहे.

मी नववीत होतो. तेव्हा नंदुरबार जिल्हा व्हायचा होता, आम्ही धुळे जिल्ह्यात मोडत होतो. आमच्या शाळेचा तळोद्याच्या संघाशी सामना झाला. आमच्याकडून वसतिगृहातला एक मुलगा खेळला. धडगावकडचा, सातपुड्यातला, अनवाणी. पावसाने मैदानाचा रबडा झाला होता. बूटवाले घसरत होते आणि हा पायाची बोटं रोवून पळत होता. तीन गोल केले त्याने. तिसऱ्या वेळी चेंडू गाळात रुतला, सगळे त्याच्यावर धावले, तेव्हा ह्याने बोटांनी तो अलगद उचलला, गोलकीपरच्या डोक्यावरून आत टाकला आणि स्वतःच लाजला. हे अजून मला जसंच्या तसं दिसतं.

माझं अक्षर चांगलं म्हणून क्रीडावृत्ताची वही माझ्याकडे होती. मी काय लिहिलं? 'आपला संघ ३-१ ने विजयी.' त्याखाली पाऊण पान अध्यक्षांचं भाषण. त्यांच्या पदव्यांसह, हार कुणी घातला त्यासह. मुलाचं नाव लिहायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी तो शाळेत नव्हता. आज मला त्या अध्यक्षांचं संपूर्ण नाव पाठ आहे आणि त्या मुलाचं पहिलं अक्षरही आठवत नाही. मकायच्या पायाची चौकशी करणाऱ्या मला, हा पाय डोळ्यांनी बघूनसुद्धा, त्याचा मालक सांगता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. रोनाल्डोचे १४० खुशाल पाठ करा. त्यांनी वही ठेवली, त्यांचं नाव राहिलं, त्यात त्यांचा दोष नाही. पण दुसऱ्याची वही पाठ म्हणणाऱ्याने स्वतःची कोरी ठेवावी, ही कुठली विद्वत्ता? कोल्हापूरला पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. तिथेही कुणीतरी अनवाणी पायांनी खेळायला सुरुवात केलेली असणार. त्याचा रकाना कोण भरणार? माद्रिदहून माणूस येणार नाही.

मी बाजारातून शंभर पानी वही आणली, रकाने आखले आणि भाच्याच्या हातात दिली. रोज संध्याकाळी मैदानावर पोरं खेळतात, त्यांची नोंद करायची. अट एकच. आधी नाव, मग आकडा, आणि गोल कसा झाला हे एका ओळीत. पाहुण्यांसाठी रकाना नाही.

पहिल्या दिवशीची नोंद मी वाचली. दोन्ही संघांच्या चौदा पोरांची नावं होती, वडिलांच्या नावासकट. खाली शेरा होता : 'गाय मैदानात बसल्यामुळे सामना २-२ वर थांबला. गाय उठली नाही. अपेक्षित गोल : ३.'

शेवटचं वाक्य मी खोडलं. गाय मात्र राहू दिली.