तेराव्या वर्षाचा आराखडा

अलीकडे एक नवी रीत रूढ झाली आहे. मूल सातवी-आठवीत गेले की त्याला विचारावयाचे, 'तू पुढे कोण होणार?' आणि उत्तर मिळताच त्याचा तक्ता करून भिंतीवर लावावयाचा. आठवीत 'फाउंडेशन'ची शिकवणी, दहावीत नव्वद टक्के, बारावीनंतर प्रवेशपरीक्षा, बाविसाव्या वर्षी नोकरी! शाळाशाळांतून मार्गदर्शनाची शिबिरे भरतात, वक्ते टाळ्या घेऊन जातात, आणि ज्याला उत्तर सुचत नाही ते मूल 'ध्येयहीन' ठरते. या रीतीला आमचा विरोध आहे.

आमची हयात शासकीय योजनांच्या कागदपत्रांत गेली. नियोजन या शब्दाचे आम्हांस वावडे नाही. उलट त्याचा अर्थ ठाऊक असल्यामुळेच या तक्त्याला नियोजन म्हणण्यास आमचे मन धजत नाही. योजनेस तरतूद लागते, पर्याय लागतो आणि ठरल्या मुदतीत फेरआढावा लागतो. आपल्या देशाने 1951 साली पंचवार्षिक योजनांचा मार्ग धरला. पुढे 1965 चे युद्ध आणि लागोपाठचे दुष्काळ आले, तेव्हा 1966 ते 1969 अशी तीन वर्षे पंचवार्षिक योजना बाजूस ठेवून वार्षिक योजनांवर भागवावे लागले. तज्ज्ञ, आकडेवारी आणि तिजोरी हाताशी असलेल्या शासनास जेथे पाच वर्षांचा अंदाज साधला नाही, तेथे तेरा वर्षांच्या लेकराकडून पंधरा वर्षांचा आराखडा मागणे याला काय म्हणावे?

'स्पर्धेचे युग आहे, लवकर धावू लागेल तोच पुढे जाईल,' असे यावर सांगितले जाते. मग कोणता दरवाजा केव्हा बंद होतो ते नीट पाहू. वैद्यक वा अभियांत्रिकीकडे जावयाचे तर अकरावीत विज्ञान घ्यावे लागते. हा निर्णय दहावीनंतरचा. तंत्रनिकेतनाची पदविका दहावीनंतर मिळवता येते आणि ती घेऊन अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाटही असते. भारतीय प्रशासन सेवेच्या परीक्षेस कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. म्हणजे आठवीत यातले काहीच ठरवावे लागत नाही. सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांनी प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र शासनाने जानेवारी 2024 मध्ये काढली ती उगाच नव्हेत. तेराव्या वर्षी निश्चित होते ती एकच गोष्ट: शिकवणीची फी.

कल तपासण्याचीही हौस मोठी आहे. महाराष्ट्रात 2016 साली दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू झाली. हेतू चांगला होता. परंतु जे काम मुलाने कधी पाहिलेच नाही, त्याकडे त्याचा कल आहे की नाही हे प्रश्नपत्रिका कशी सांगणार? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? खेड्यातल्या मुलाने पाहिलेले असतात शिक्षक, पोलीस, डॉक्टर आणि वाहनचालक. तो त्यांतलेच एक नाव सांगतो, आणि आपण त्याला ध्येय म्हणतो.

'मुलांना मूल राहू द्या, पुढचे पुढे पाहू,' म्हणणारा दुसरा पक्षही आहे. त्याच्याशीही आमचे जमत नाही. ज्याच्या घरी बापाची पदवी आणि बँकेत ठेव आहे, त्याला हे तत्त्वज्ञान परवडते. खडोलीच्या पाड्यावरील मुलास ते परवडत नाही.

खडोली आणि दादरा-नगर हवेलीतील तिच्यासारख्या गावांत करसवलतींच्या आधाराने कारखाने उभे राहिले. प्रदेशाची लोकसंख्या 2001 साली 2,20,490 होती, ती 2011 साली 3,43,709 झाली. त्याच दशकात आदिवासींचे प्रमाण सुमारे 62 टक्क्यांवरून 52 टक्क्यांवर आले. काम होते म्हणूनच बाहेरून माणसे आली. आमच्या मुलांकडे उणीव होती ती तयारीची. सिल्वासात 2019 साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, याचा आम्हांस आनंद आहे. पण जिन्याची वरची पायरी बांधून झाली तरी खालच्या पायऱ्या नसतील तर चढणार कोण?

या मुलाला 'तू कोण होणार' असे कोणी विचारतही नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने त्याला मोफत शिक्षणाची हमी दिली ती चौदाव्या वर्षापर्यंत. धोक्याच्या कामावर घेण्यास कायद्याची बंदी आहे ती अठराव्या वर्षापर्यंत. मधली चार वर्षे कोणाची? शाळेच्या पटावरून नाव गळते आणि ठेकेदाराची नजर वळते ती याच चार वर्षांत. आराखडा हवा तो या चार वर्षांचा, आणि तो करण्याची जबाबदारी मुलाची नाही, आपली आहे.

त्यात काय असावे? पहिली गोष्ट, बारावीपर्यंत शाळा सुटू नये. दुसरी, गणित आणि एक भाषा पक्की व्हावी. कारण घरी वारली, शाळेत मराठी वा गुजराती, कारखान्यात हिंदी आणि अर्जावर इंग्रजी अशा चार भाषांत ओढले जाणारे मूल एकीतही नीट लिहू शकत नाही. तिसरी गोष्ट कागदपत्रांची, आणि येथे आमचा अनुभव बोलतो. जन्मदाखल्यावर एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, एवढ्या कारणाने शिष्यवृत्ती अडते. तलासरी-जव्हारकडून कामासाठी येथे आलेल्या वारली कुटुंबाची गोष्ट तर याहून बिकट. अनुसूचित जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. एका राज्यातला दर्जा स्थलांतराबरोबर दुसरीकडे आपोआप येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 सालीच स्पष्ट केले आहे. दाखला कोठल्या कार्यालयातून काढावयाचा, प्रवेश कोठे मागावयाचा, हे आठवीतच ठरले तर पुढे चार वर्षे हाती असतात. बारावीच्या निकालानंतर मामलतदार कचेरीच्या रांगेत उभे राहून ते साधत नाही.

आणि चौथी गोष्ट, मुलांना काम पाहू द्यावे. ही कल्पना नवी नाही. शेजारच्या डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येत नाही म्हणून शाळाच कुरणावर गेली. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 पासून शेती, यंत्रकाम, ऊर्जा आणि आरोग्य यांची कामे शाळकरी मुलांच्या हातून करवून घेतली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांजवळ शिकण्यास सुचवले आहे. खडोलीस याकरिता लांब जावयास नको. कारखान्यांनी वर्षातून काही दिवस आठवीच्या वर्गाला आत घ्यावे आणि केवळ माल चढवण्याची जागा न दाखवता प्रयोगशाळा, विजेची देखभाल, भांडार आणि हिशेबाची खोलीही दाखवावी. येथील पाणी, वीज, रस्ता ज्यांनी वापरला, त्यांच्याकडे एवढे मागणे अवाजवी नाही.

आमच्या या सभेतील बहुतेक सभासद निवृत्त शिक्षक, कारकून, अधिकारी. मुलांपुढे व्याख्याने देण्याचा मोह आपण आवरू या. त्याऐवजी नव्या शैक्षणिक वर्षापासून प्रत्येकाने आठवीतील दोन मुले वाटून घ्यावीत आणि दर सहामाहीस त्यांना तीनच प्रश्न विचारावेत: या काळात कोणते नवे काम पाहिलेस? गणितात कोठे अडलास? कोणता दाखला काढावयाचा राहिला आहे? त्या दाखल्यासाठी पालकांबरोबर कचेरीत जाण्यास आपल्याला वेळ आहे. कोण होणार, ते मुले त्यांच्या वेळी सांगतील.