मागच्या रांगेतला माणूस

(द्वितीय वर्ष, कला)

‘पुढे काय करणार?’ हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्याला जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा त्याचे नावही कोणी विचारत नसेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे हा प्रश्न मला आईवडीलच नव्हे, तर विठ्ठलवाडीतली आमची सारी चाळ विचारते. उत्तरेही ठरलेली आहेत : बँक, रेल्वे, शाळामास्तर, फार तर पोलीस. अशा वेळी कोणी ‘मी बेस गिटार वाजवणार’ म्हणाला, तर पहिला सवाल येईल, ‘बाजा वाजवून पोट भरतं का?’ हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो उपाशी राहिलेल्या पिढीचा सवाल आहे. त्याला सरळ उत्तर द्यावे, म्हणून हा प्रपंच.

बेस गिटारला सामान्यतः चारच तारा असतात. त्या जाड असतात आणि साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली बोलतात. ड्रमचा ताल आणि गायकाचा सूर यांना एकत्र बांधून ठेवणे हे तिचे काम. लोकलमध्ये मोबाईलवर गाणे लावले की गायक ऐकू येतो, पण बेस जवळजवळ नाहीसा होतो. इतका खोल आवाज उमटवायला जेवढी हवा हलवावी लागते, तेवढी त्या चिमुकल्या स्पीकरला हलवता येत नाही. कुठे काय उणे आहे ते ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. गाणे पोकळ वाटते एवढेच. मागच्या रांगेतल्या माणसाचे नशीब हे असे!

या वाद्यावरची दोन आयुष्ये मला शेजारी शेजारी ठेवावीशी वाटतात. पहिला पॉल सिमोनन. जन्म 1955, लंडनचा. चित्रकला शिकणारा हा मुलगा 1976 साली ‘द क्लॅश’ या पंक रॉक बँडमध्ये आला तेव्हा त्याला बेस वाजवता येत नव्हती. कोणता सूर कुठे, हे कळावे म्हणून त्याने गिटारच्या मानेवर खुणा रंगवून घेतल्या होत्या. पंकचे म्हणणेच असे, की आधी पंडित व्हा आणि मग रंगमंचावर या, ही अट आम्हाला मान्य नाही. सांगण्यासारखे काही असेल तर आजच उभे राहा. आपल्याला हे परके वाटू नये. पंकच्या चार वर्षे आधी, 1972 साली, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्याने तरी कोणत्या दिवाणखान्याची परवानगी मागितली होती?

सिमोनन पुढे चांगला वादक झाला. जमैकन वस्तीत ऐकलेले रेगे संगीत त्याने आपल्या बेसमध्ये आणले, स्वतः गाणे लिहिले, गायले. सप्टेंबर 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये त्याने रागाने बेस जमिनीवर आपटली. पेनी स्मिथ या छायाचित्रकार बाईंनी टिपलेला तो क्षण ‘लंडन कॉलिंग’ या रेकॉर्डचे मुखपृष्ठ झाला आणि जगभर गेला. 1986 साली बँड मोडला. सिमोनन पुन्हा चित्रकलेकडे वळला.

हे चित्र पाहून आमच्या पिढीला भुरळ पडते. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्या काळच्या ब्रिटनमध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्याला सरकारी अनुदान मिळे, बेकाराला भत्ता मिळे. पंकच्या बंडखोरीच्या पायाखाली ही जमीन होती. आमच्याकडे दसऱ्याला वाद्यांची पूजा होते. आणि ज्याने हप्त्यावर वाद्य घेतले आहे, तो ते आपटील कसे? आमच्या मुलाला ‘बिनधास्त उडी घे’ म्हणणारे खूप भेटतात. खाली जाळी धरणारा मात्र कोणी भेटत नाही.

दुसरे आयुष्य आपल्या मुंबईचे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवत. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातही त्यांनी वाजवली. त्यांना वाद्य येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. पण रेकॉर्डवर नावे छापली जात ती गायकाची, संगीतकाराची, गीतकाराची. वादकाने यावे, वाजवावे, पैसे घ्यावे आणि घरी जावे. 1982 साली या माणसाने रोलँड कंपनीची नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रे घेऊन डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवले आणि त्यांची रेकॉर्ड काढली. त्यातले एक यंत्र तर बेस गिटारची नक्कल करण्यासाठीच बनवलेले! रेकॉर्ड चालली नाही. पुढे 1987 साली त्याच यंत्राच्या आवाजावर अमेरिकेतल्या शिकागोत ‘अ‍ॅसिड हाऊस’ नावाचे संगीत गाजले. 2010 मध्ये चरणजित सिंगांची रेकॉर्ड युरोपातून पुन्हा निघाली, तेव्हा जगाने चकित होऊन विचारले, हा माणसू कोण? 2015 साली ते मुंबईत वारले. अठ्ठावीस वर्षे उशिरा मिळालेल्या टाळ्यांना करिअर म्हणायचे की कर्जफेड?

दोघांतला फरक हुशारीचा नव्हे. एकाचे छायाचित्र मुखपृष्ठावर आले. दुसऱ्याने चित्रपटांसाठी वाजवले, पण त्या रेकॉर्डवर वादकाचे नाव छापले जात नसे. माझ्या मते ‘पोट भरतं का?’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. ज्याचे नाव कुठे लिहिलेले नसते, त्याला वाजवी दर मागता येत नाही, पुढचे काम मिळवता येत नाही. विठ्ठलवाडीतला माझा एक मित्र बँजो पार्टीत कीबोर्डवर बेसची बाजू सांभाळतो. लग्नसराईत रात्रभर वाजवतो आणि सकाळी कारखान्यात जातो. एका स्पर्धेत त्याच्या साथीवर गाणाऱ्याला ढाल मिळाली आणि साथीदारांना चहा. ढाल घेताना साथीदारांची नावे पुकारली गेली नाहीत, कारण ती कोणी लिहूनच घेतली नव्हती.

आपली परंपरा इतकी कोती नाही. वारकरी कीर्तनात विणेकरी एकच सूर धरून उभा असतो. तो बोलत नाही, पुढे येत नाही. तरीही माणसे त्याच्या पाया पडतात. सूर धरून ठेवणाऱ्याचा मान ओळखणारे हे शहाणपण आमच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या आजोबांना होते. शिकलेल्या आम्हालाच ते का नसावे?

म्हणून मित्रहो आणि गुरुजनहो, माझे मागणे मोठे नाही. स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत आणि अहवालात प्रत्येक साथीदाराचे पूर्ण नाव छापावे. बक्षिसाची रक्कम साथीदारांतही वाटली जावी. आणि कॉलेजने एक बेस गिटार व एक अ‍ॅम्प्लिफायर घेऊन ठेवावा. ग्रंथालयातले पुस्तक जसे नावावर नेता येते, तसे ते वाद्य सरावाला मिळावे. एवढ्याने कोणाचे पोट भरणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्याच्या घरी वाद्य नाही अशा मुलाला निदान ते हातात घेऊन पाहता येईल, आणि वाजवले तर त्याचे नाव राहील. पुढची लढाई तो लढेल.