कुलूपबंद कपाटे आणि भाषेचा कळवळा

सीमाभागात मराठीवर प्रेम करणाऱ्यांची वाण नाही. वाण आहे ती मराठी वाचणाऱ्यांची. हे वाक्य कुणाला झोंबले तर झोंबू द्यावे. ज्या घरातल्या माणसांनी भाषेसाठी लाठ्या खाल्ल्या, त्याच घरात वर्षभरात एकही मराठी पुस्तक आलेले नाही, अशी घरे शोधायला फार हिंडावे लागत नाही. या दुखण्याचे खापर आपण तिघांवर फोडतो : सरकार, इंग्रजी शाळा आणि मोबाईल. चौथा आरोपी म्हणजे आपली वाचनालये आणि ती चालवणारे आपण. त्याचे नाव फिर्यादीत कधीच नसते. ते आज घालायचे आहे.

आधी ऋण मान्य करू. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, आपल्या बेळगावचे १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे. मुंबई विद्यापीठ निघाले १८५७ साली. म्हणजे पदवी देणारी संस्था येण्याआधीच आपल्याकडे वाचायची जागा उभी राहिली होती. पुढे हैदराबादेत, इंदुरात, ग्वाल्हेरीत, जिथे मराठी माणूस पोटासाठी गेला तिथे त्याने देवळाच्या आगेमागेच वाचनालय काढले. हा वारसा लहान नाही. पण वारशाचे व्याज खात किती पिढ्या बसायचे?

आज यांतल्या बऱ्याच ठिकाणी काय दिसते? भिंतीवर दिवंगत अध्यक्षांच्या तसबिरी, मध्ये वर्तमानपत्रांचे टेबल, त्याभोवती निवृत्त मंडळी आणि भिंतीलगत काचेची कपाटे. कपाटांना कुलूप. पुस्तक हवे तर यादीतला नंबर शोधा, चिठ्ठी लिहा, मग किल्ली येणार. ज्याला काय वाचायचे हे आधीच ठाऊक आहे त्याचे भागते. पण वाचनाची गोडी ज्याला अजून लागायचीच आहे, त्याने काय करायचे? गोडी लागते ती पुस्तके हाताळताना, चार उलटसुलट चाळून पाचवे घरी नेताना. मिठाईच्या दुकानात काचेबाहेरून बर्फीचे नाव वाचून कुणाच्या तोंडाला चव आली आहे काय?

पुस्तके चोरीला जातील, असे कार्यकारी मंडळातले जुने जाणते म्हणतात. जातील, दहापाच जातील. पण कपाटात वाळवीने किती नेली याचा हिशोब कुठल्या वार्षिक अहवालात छापला आहे? डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतले पहिलेच असे की ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात. आपण ते उलटे केले : ग्रंथ जपण्यासाठी असतात आणि वाचक हा त्यांना असलेला धोका.

वेळेचेही तसेच. मुले शाळेत नि शिकवणीत असतात तेव्हा बालविभाग उघडा, आणि रविवारी ती मोकळी असतात तेव्हा वाचनालयाला सुट्टी. बायकांनी यावे असे भाषणात म्हणायचे, पण निवांत बसायला कोपरा नाही, आणि चुलीजवळची कामे आटोपून त्या निघणार तोवर दार बंद व्हायची वेळ.

यावर उपाय शोधायला विलायतेला जायला नको. बडोद्याला जावे. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला : शाळा सुटल्यावर हे पोर वाचणार काय? नाही वाचले तर शिकलेले विसरणार. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन हा ग्रंथपाल आणवला. तो १९१३ ला परत गेला, पण तेवढ्यात त्याने सगळी घडी बसवली. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. त्यात बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय होती. जिथे ग्रंथालय नव्हते त्या खेड्यांकडे पुस्तकांच्या लाकडी पेट्या रवाना होत. पेटी वाचून झाली की परत जाई आणि दुसरी येई. गावाला स्वतःचे वाचनालय हवे असेल तर त्याने काही रक्कम उभी करायची, तेवढीच प्रांतपंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. फुकट नाही आणि भीकही नाही.

आपल्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. राजघराणे मराठी, रयत बहुतांशी गुजराती. १९१२ मध्ये तिथून निघालेले ग्रंथालयविषयक नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतून निघत असे. दुसऱ्याची भाषा कपाटात आली म्हणून आपली बाटते, असे त्या राजाला वाटले नाही. आपल्याला मात्र वाटते.

इथे थोडे खोलात जावे लागेल. आपल्या घरांतली कितीतरी मुले आज कन्नड किंवा इंग्रजी शाळेत जातात. घरी ती मराठी बोलतात, पण छापील मराठीतली जोडाक्षरे आली की अडखळतात. असे पोर वाचनालयात आले, तर पहिल्याच दिवशी त्याच्या हाती जाडजूड ऐतिहासिक कादंबरी देऊन आपण त्याला कायमचे पळवून लावतो. त्याला ओळखीच्या लिपीतले एक कन्नड गोष्टीचे पुस्तक द्या, आणि शेजारीच मोठ्या टाइपातले मराठी ठेवा. एका भाषेत वाचायची सवय लागलेले मूल दुसरीत वाचू शकते. कुठल्याच भाषेत न वाचणारे मूल दोन्ही भाषांना मुकते. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलणारे. कन्नड कवितेने त्यांना १९७३ चे ज्ञानपीठ दिले. बेळगावच्या उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्या महाराष्ट्रभर वाचल्या गेल्या. दोन भाषांच्या उंबऱ्यावर राहण्याचा हा नफा आहे. सीमेचा लढा न्यायालयात आणि रस्त्यावर चालू राहो. तो बालविभागाच्या कपाटात लढायचा नसतो.

पैसा नाही, अनुदान नाही, ही नेहमीची रड. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली वाचनालयांना वर्गवारीने अनुदान मिळते, आपल्याला ती सोय नाही, हे खरेच. पण कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्याने घरपट्टीच्या रुपयामागे ६ पैसे ग्रंथालय कर घेतला जातो. तो मराठी घरांकडूनही घेतला जातो. त्या पैशातून चालणाऱ्या सरकारी ग्रंथालयात जाऊन मराठी पुस्तकांची लेखी मागणी आपल्यापैकी किती जणांनी केली? मोर्चाला हजार माणसे जमतात; मागणीपत्रावर शंभर सह्या जमू नयेत?

आणि आपल्याकडे पैसा खरोखर नाही काय? बेळगावने १९२९, १९४६ आणि २००० अशी तीन अखिल भारतीय संमेलने पार पाडली. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी ही खेडी आपल्या बळावर संमेलने भरवतात. त्यांना मानाचा मुजरा. पण ग्रंथदिंडीत पालखीतून मिरवलेला ग्रंथ दुसऱ्या दिवशी कुणाच्या घरी जातो? शाली, श्रीफळे, मानचिन्हे आणि कमानी यांचा निम्मा खर्च पुस्तकांना लावला तरी प्रत्येक गल्लीत एक पेटी फिरेल. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून पुस्तकांच्या अशाच पेट्या वाचकांच्या दारी धाडल्या. बडोद्याची युक्ती शंभर वर्षांनीही चालते.

राहिला मोबाईल. मोबाईल पोराच्या हातात सदा उघडा असतो आणि आपले कपाट सदा बंद. मग पोराने काय निवडावे अशी आपली अपेक्षा आहे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले, बरे केले. आता प्रत्येक वाचनालयाच्या येत्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव मांडावेत. कपाटांची कुलपे काढावीत. रविवारी आणि रोज संध्याकाळी दार उघडे ठेवावे, आणि ते उघडणाऱ्या ग्रंथपालाला माणसासारखा पगार द्यावा. कार्यकारी मंडळावर निदान दोन बाया आणि पंचविशीच्या आतले दोन सभासद घ्यावेत. विरोध करणारे उठतील. त्यांना एवढेच विचारावे, की गेल्या महिन्यात आपण स्वतः कोणते पुस्तक घरी नेले?